काशिफची बारावी

रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

ही डायरी कंपनीने जानेवारीत फुकट दिली होती. नऊ महिने ती कोरी राहिली, कारण लिहिण्यासारखं काही घडलं नाही. आज घडलं.

आमची कंपनी दोह्याजवळच्या लुसैलमधल्या उंच इमारती सांभाळते. म्हणजे लिफ्ट, गवत, नळ, आणि नळ गळतो म्हणून फोन करणारे भाडेकरू. भाडेकरूंना, ठेकेदारांना आणि बलदियाला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, जाणारी सगळी पत्रं मी लिहितो. एकवीस वर्षं लिहितोय. पुण्याचा संस्कृतचा एम.ए. दोह्यात येऊन इंग्रजी पत्रं लिहितो याचं लोकांना आश्चर्य वाटतं. मला नाही वाटत. ऑफिसची पत्रं संपूर्ण कर्मणि प्रयोगात असतात. 'खेद व्यक्त करण्यात येत आहे', पण खेद कोणाला झाला ते कुठेच नाही. असली वाक्यं घडवायला व्याकरण घोटलेला माणूसच लागतो.

आज नव्या मॅनेजर हनियाबाईंनी बोलावलं. वय एकतीस, मूळच्या अम्मानच्या, हसतमुख. म्हणाल्या, "मिस्टर सुरेश, जानेवारीपासून करस्पॉन्डन्स विभाग मार्केटिंगमध्ये जातोय. मला तुम्ही हवे आहात. पण एचआर म्हणतं, त्या ग्रेडला मार्केटिंगमधली निदान असोसिएट डिग्री पाहिजे. नसेल तर प्रवेश घेतल्याचं पत्र तरी. ३१ डिसेंबरच्या आत."

"आणि पत्र नसेल तर?"

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "तर पद रद्द करण्यात येईल."

कर्मणि प्रयोग. मी लगेच ओळखला. पद गेलं की व्हिसा जातो, आणि व्हिसा गेला की मुलीची, नुपूरची, बारावी मध्येच सोडून बिऱ्हाड नाशिकला.

असोसिएट डिग्री म्हणजे दोन वर्षांची, पदवीच्या निम्म्या उंचीची पदवी. माझं वय त्रेपन्न. शास्त्राप्रमाणे मी आता वानप्रस्थाची चौकशी करायला हवी. मी ब्रह्मचर्याश्रमाची फी विचारतोय.

घरी सांगण्याची सोय नाही. गेल्या वर्षी नुपूर म्हणाली होती की तिला मार्केटिंग शिकायचंय. तेव्हा मी अर्धा तास प्रवचन दिलं. 'विकणं ही विद्या नव्हे, खोड आहे' हे त्यातलं वाक्य मला स्वतःला फार आवडलं होतं. आता ते गिळायचं कसं?

म्हणून चहा पिताना बायकोला, विभावरीला, सहज म्हटलं, "आमच्या ऑफिसातला काशिफ विचारत होता, मार्केटिंगची असोसिएट डिग्री इथे कुठे करता येते म्हणून."

विभावरी एका दातांच्या क्लिनिकमध्ये इन्शुरन्सच्या टेबलावर बसते. लोकांनी बिलात घातलेली खोटी कारणं शोधणं हे तिचं काम. तिने कप खाली ठेवला.

"काशिफ? अकाउंट्समधला?"

"हो."

"त्याला स्वतःलाच करायचीये?"

"हो, स्वतःलाच."

"बरं," ती म्हणाली, आणि पुन्हा कप उचलला.

माझ्यात अभिनयाचे गुण आहेत हे फार उशिरा कळलं.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

आमच्या कंपनीत साधा झाडू घ्यायचा तरी तीन कोटेशनं मागवतात आणि तुलनातक्ता करतात. मी पदवीचाही केला.

पहिलं, इथलं एक कम्युनिटी कॉलेज. वर्ग संध्याकाळी. साठ क्रेडिट, म्हणजे साधारण वीस विषय, दर क्रेडिटला सातशे रियाल. बेचाळीस हजार. पुस्तकं वेगळी, पण भाड्याने मिळतात. सत्राला तीन विषय घेतले तर साडेतीन वर्षं. पुढे मन झालं तर आणखी दोन वर्षांत पूर्ण पदवी. मन होणार नाही.

दुसरं, अमेरिकेतलं ऑनलाइन कॉलेज. खर्च जवळजवळ दुप्पट. पण ते जुन्या शिक्षणाचे काही क्रेडिट धरतात. मी पत्र टाकून विचारलं की अलंकारशास्त्राचे दोन पेपर जाहिरातलेखनात धरता येतील का. उत्तर आलं, "हे दागिन्यांच्या डिझाइनबद्दल आहे का?"

तिसरं, भारतातल्या एका विद्यापीठाचं पत्रद्वारा शिक्षण. सगळ्यांत स्वस्त. पण ते तीन वर्षांचं, परीक्षेला दरवेळी भारतात जायचं, आणि आमच्या एचआरला चालेल का, ते एचआरलाच ठाऊक नाही.

खऱ्या काशिफला तक्ता दाखवला. तो लाहोरचा, आणि अकरा वर्षं माझ्या समोरच्या टेबलावर बसतो. माझ्या नोकरीचं संकट त्याला माहीत आहे. घरी मी त्याचं नाव वापरतोय, ते माहीत नाही. त्याने कॅल्क्युलेटर न घेता सांगितलं, "सुरेश भाई, कम्युनिटी कॉलेज। बयालीस हज़ार में एक पुरानी कोरोला आती है। फ़र्क़ इतना है कि कोरोला में एसी होता है।"

शुक्रवार, १० ऑक्टोबर

या डायरीत शुक्रवार-शनिवारला अर्धंच पान दिलंय. सुट्टीच्या दिवशी माणसाच्या आयुष्यात निम्म्याच घटना घडतात असा समज असावा.

विभावरीने तक्ता वाचला. काशिफसाठी इतका बारकाईने विचार करताना पाहून मला कौतुक वाटलं.

"ऑनलाइन नको म्हणावं. घरी बसून शिकणारा माणूस सोफ्यावर झोपतो. कॉलेजच बरं. लिफ्ट आहे ना तिथे? त्याचे गुडघे दुखतात."

काशिफचे गुडघे दुखतात हे हिला कसं माहीत, कोण जाणे.

"काशिफला पैशांचीच चिंता आहे," मी म्हटलं. "मुलीचं कॉलेज पुढच्या वर्षी."

"त्याला दोन मुलगे आहेत ना?"

"पुतणी. पुतणीचं."

"पुतणीच्या पैशांना हात लावायचा नाही. बायकोला विचारावं." मग तिने फोनवर कॉलेजची साइट उघडली. "बारावीची मार्कशीट लागेल. ती आहे का त्याच्याकडे?"

"एम.ए. झालेल्या माणसाला बारावी कोण विचारतो!"

"काशिफ एम.ए. आहे?"

मला एकदम खोकला आला. जागा संपली.

रविवार, १२ ऑक्टोबर

काल विभावरी नाशिकच्या मोठ्या जाऊबाईंशी पन्नास मिनिटं फोनवर बोलत होती. मी खोलीत गेलो की आवाज खाली. विचारलं तर म्हणाली, अनारशाच्या पिठाबद्दल चाललंय. त्यात गुपित असतं म्हणे. मला 'पेटी', 'खालच्या कप्प्यात' आणि 'यांना कळू देऊ नका' एवढंच ऐकू आलं. यंदा दिवाळीला मला काहीतरी भेट मिळणार असं दिसतं.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. ऑफिसला सुट्टी नाही, पण लवकर निघालो. विभावरीने मला न विचारता काशिफ आणि त्याची बायको हजरा यांना फराळाला बोलावलं होतं. दार उघडून त्यांना पाहिलं आणि माझा आकाशकंदील झाला. बाहेरून उजेड, आत नुसती हवा.

काशिफला डोळ्यांनी खुणा करायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, "आँख में कुछ गया क्या, भाई?"

फराळाच्या ताटल्या आल्या. विभावरीने काशिफला चकल्या वाढल्या आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "काशिफ भाई, पढ़ाई का क्या तय किया फिर?"

काशिफची चकली तोंडापर्यंत जाऊन थांबली. त्याने विभावरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझा चेहरा कसा होता ते मला दिसलं नाही, पण त्याला पुरेसा दिसला असणार. अकरा वर्षांची सोबत फुकट जात नाही.

"बस भाभी," तो म्हणाला, "शाम की क्लास का सोच रहा हूँ।"

"कौन सी क्लास?" हजरा म्हणाली.

"मार्केटिंग की।"

"तुम? तुमसे तो पुराना फ्रिज तक नहीं बिका!"

"इसीलिए तो," काशिफ म्हणाला.

विभावरीने त्याला तिसऱ्यांदा चकल्या वाढल्या. त्याच्या शिक्षणाबद्दल तिला खरी कळकळ आहे. नुपूर उगाचच उशीत तोंड खुपसून हसत होती. हल्लीच्या मुलांना कशाचं हसू येईल, सांगता येत नाही.

बुधवार, २२ ऑक्टोबर

काशिफ सकाळी टेबलाशी येऊन उभा राहिला. "भाई, मेरी वाली ने रास्ते भर बात नहीं की। समझती है मेरी नौकरी जा रही है और मैं छुपा रहा हूँ। घर जाकर सब सच बताना पड़ा।"

"हजरा को बता दिया? वो विभावरी को बता देगी!"

"नहीं बताएगी। क़सम ली है।" मग जाता जाता वळला. "वैसे सुबह भाभी का फ़ोन आया था उसको। दोनों बहुत हँस रही थीं।"

चिवड्याच्या पाककृतीबद्दल असणार. नुकसानभरपाई म्हणून त्याला चिवड्याचा एक डबा कबूल केला.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

भाऊबीज. नाशिकहून दादाचा फोन. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, "तुझी ती शाळा-कॉलेजची पत्र्याची पेटी आहे ना माळ्यावर, तिची कडी नीट लागत नाहीये."

"दादा, तू पेटी उघडलीस?"

"मी? छे! मी कशाला उघडतोय? कडी लागत नाही, एवढंच सांगतो."

उघडली नाही तर कडीचं काय कळणार? पण दादा बहात्तरचा झालाय, त्याला बोलण्यात फार अडकवू नये. मात्र बजावून सांगितलं, पेटीला हात लावायचा नाही. त्यात काय आहे ते मी आणि पेटी, दोघांनाच ठाऊक असलेलं बरं.

रविवार, २ नोव्हेंबर

हनियाबाईंनी चाचणी म्हणून दोन कामं दिली. पहिलं, एका इमारतीतला नवा पोहण्याचा तलाव भाडेकरूंना आकर्षक वाटेल असं काहीतरी लिहायचं. मी लिहिलं, 'तलाव वापरासाठी खुला करण्यात आला असून तत्संबंधी नोंद घेण्यात यावी.'

"मिस्टर सुरेश," त्या म्हणाल्या, "हे वाचून मला पाण्याची भीती वाटतेय."

दुसरं, त्याच इमारतीतली लिफ्ट तीन दिवस बंद राहणार, त्याची सूचना. तोवर मी वैतागलो होतो. लिहिलं, 'नऊ वर्षं विनातक्रार चढउतार केल्यावर आमची लिफ्ट तीन दिवस रजेवर जात आहे. जिना कामावर हजर आहे आणि आपल्याला भेटायला उत्सुक आहे.'

भाडेकरूंनी त्या सूचनेचे फोटो काढून एकमेकांना पाठवले. तीन दिवसांत एकही तक्रार आली नाही. हनियाबाई म्हणाल्या, "हेच. हेच मला पाहिजे. इन्शाल्ला तुमचं पत्र वेळेत येऊ द्या. एचआरला मी एवढंच सांगू शकते."

त्या मनापासून बोलल्या. त्यामुळे जास्त घाबरलो.

बुधवार, ५ नोव्हेंबर

नुपूरचा सहामाहीचा निकाल. अर्थशास्त्रात अठ्ठ्याहत्तर. मी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "बाकीचे बावीस कुठे गेले?"

"बाबा, इट्स अ गुड स्कोअर."

"आमच्या वेळी अर्थशास्त्र म्हणजे हातचा विषय. बारावीला मी त्यात काय मिळवले होते ते एकदा दादाकाकाला विचार."

ती म्हणाली, "ओके, आय विल." तिने खरंच विचारू नये अशी प्रार्थना केली. विभावरी मेथी निवडत होती. मान खाली, खांदे हलत होते. मेथीत काहीतरी विनोदी असावं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

अर्धी रजा टाकून कॉलेजात गेलो. बरोबर माझी निळी फाइल. पासपोर्ट, आयडी, आणि २००४ साली मुंबई, दिल्ली, दोहा असे खरेपणाचे सगळे शिक्के मारून घेतलेलं एम.ए.चं प्रमाणपत्र. आखातात माणसाचं शिक्षण कागदाच्या पुढच्या बाजूवर नसतं, मागच्या बाजूच्या शिक्क्यांत असतं.

प्रवेशाच्या खिडकीत जॅनेट नावाच्या बाई होत्या. माझं आडनाव गायधनी वाचलं आणि इंग्रजीतून एकदम मराठीत उतरल्या. "नाशिकचे का, सर? मी वसईची." मला इतका आनंद झाला की पुढचं वाईट आहे हे लक्षातच आलं नाही.

"एम.ए. आहे ते छान आहे, सर. पण बारावी कुठाय?"

"एम.ए. बारावीनंतरच होतं हो."

"मला माहितीये. सिस्टीमला माहीत नाही. बारावीची मार्कशीट, मागे सगळे शिक्के. अकरा डिसेंबर शेवटची तारीख. त्यानंतर डायरेक्ट सप्टेंबर."

म्हणजे विभावरीने काशिफला सांगितलेलं खरं होतं. काशिफने ऐकायला हवं होतं.

मेट्रोत बसल्याबसल्या शिक्के मारून आणणाऱ्या एजंटला फोन केला. मुंबईपासून दोह्यापर्यंत सहा आठवडे. घाई असेल तर पाच. माझ्याकडे चार आहेत.

आता इथे खरं लिहून टाकतो. ही डायरी कोणी वाचत नाही. बारावीची मार्कशीट त्या पत्र्याच्या पेटीत आहे. संस्कृतात शंभरपैकी चौऱ्याण्णव. आणि अर्थशास्त्रात छत्तीस. पस्तीसला पास. तो एक गुण परीक्षकाने कुठल्या पुण्याईवर दिला ते आजवर कळलं नाही. सव्वीस वर्षांच्या संसारात हे विभावरीला सांगितलेलं नाही. नुपूरला अर्थशास्त्रावर दिलेल्या व्याख्यानांची मोजदाद नाही. मार्कशीट मागवायची म्हणजे दादाला सांगायचं, दादा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकणार, आणि झाकली मूठ छत्तिसाची निघणार.

दोन दिवस विचार करतो.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

पाच दिवस झाले, विचार चालू आहे. पूर्वपक्ष म्हणतो, आजच फोन कर, उशीर झाला तरी. उत्तरपक्ष म्हणतो, उशीर झालाच आहे तर अब्रू तरी कशाला घालवतोस? उत्तरपक्षाचं म्हणणं चुकीचं आहे हे मला कळतं, पण तो बोलतो फार गोड.

विभावरीने विचारलं, "काशिफचं कुठवर आलं?"

"एक कागद कमी पडतोय."

"कोणता?"

"आहे एक."

"मिळेल," ती म्हणाली, आणि पोळी उलटली. इतका विश्वास हिला स्वतःच्या नवऱ्याबद्दल वाटला असता तर!

रविवार, ३० नोव्हेंबर

आज शेवटी दादाला फोन लावला. मान खाली घालायचीच, तर घालून टाकू. म्हटलं, "दादा, माझी बारावीची मार्कशीट पेटीतून काढ, जरा घाई आहे." तो म्हणाला, "पेटीत नाही ती."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. आणि मला आणखी काही विचारू नकोस, मी शब्द दिलाय." फोन ठेवला.

कोणाला शब्द दिलाय? वाळवीला?

तर झालं. कागद नाही, प्रवेश नाही, पद नाही. पाच दिवस उत्तरपक्षाचं ऐकलं, मग बारा दिवस सवयीने गेले. दोष सिस्टीमचा नाही, माझा. ऑफिसात बसून राजीनाम्याचा मसुदा केला. 'सेवेतून मुक्त करण्यात यावं.' वाचला, आणि पहिल्यांदाच त्या वाक्यातला कर्ता समोर दिसला. त्रेपन्न वर्षांचा, गुडघे दुखणारा, एका गुणाने पास झालेला माणूस.

मसुदा पाठवला नाही. शुक्रवारी विभावरीला सगळं सांगायचं. काशिफ वगळून.

शुक्रवार, ५ डिसेंबर

आज अर्ध्या पानात मावणार नाही. शनिवारचं अर्धंही घेतो.

सकाळी उपमा झाला. मी घसा साफ करून म्हटलं, "विभावरी, मला तुला एक सांगायचंय."

"त्याआधी हे काशिफला द्या," ती म्हणाली आणि बशीशेजारी एक तपकिरी पाकीट ठेवलं.

आत पिवळा पडलेला, घडीवर विरलेला कागद. मी सवयीने आधी मागची बाजू पाहिली. शिक्क्यावरच्या तारखा वाचण्यात माझा जन्म गेला. मुंबई, ३० ऑक्टोबर. दिल्ली, १९ नोव्हेंबर. दोहा, ३ डिसेंबर. म्हणजे कागद ऑक्टोबरच्या मध्यालाच नाशिकहून निघाला होता. अनारशाच्या पिठाच्या आसपास.

मग उलटा केला. नाव, गायधनी सुरेश. संस्कृत ९४. आणि त्याच्या दोन ओळी खाली ते.

विभावरी म्हणाली, "काशिफचं अर्थशास्त्र जरा कच्चं दिसतंय."

"तुला कधी कळलं?"

"छत्तीस? जाऊबाईंनी फोटो पाठवला त्या दिवशी."

"तसं नाही. काशिफबद्दल."

"पहिल्याच चहाला. अहो, काशिफ एम.कॉम. आहे, हे मला अकरा वर्षं कोण सांगतंय? आणि हनियाबाईंचं हजराने सांगितलं, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी."

"मग बोलली का नाहीस?"

तिने बश्या गोळा करायला घेतल्या. "तुम्ही इतकी काळजी करत होतात त्या काशिफची. फी, पुस्तकं, वय. स्वतःची एवढी कधी केली नाहीत. म्हटलं, चालू दे." मग जरा कडक आवाजात, "पण त्या बिचाऱ्याला मार्कशीट आणायला सांगितली तेव्हाच ऐकलं असतं, तर मला दोनदा जेवणाची सुट्टी सोडून शिक्क्यांच्या रांगेत उभं राहावं लागलं नसतं. पहिल्या सत्राची फी माझ्या क्लिनिकच्या बोनसमधून. पुतणीच्या खात्याला हात लावायचा नाही."

तेवढ्यात नुपूरने कागद उचलला. मी उठेपर्यंत उशीर झाला होता. गुडघे.

"बाबा! थर्टी-सिक्स? इन इकॉनॉमिक्स?"

"ते काशिफचे आहेत," मी म्हटलं.

तिने नाव वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. "देन काशिफ अंकल ओज मी अॅन अपॉलॉजी. फॉर द ट्वेंटी-टू मार्क्स."

मी हात जोडून माफी मागितली. काशिफच्या वतीने, पण हात माझे होते. आणि मार्केटिंग ही खोड नव्हे, विद्या आहे, हेही तिला सांगितलं. ती म्हणाली, "आय नो, बाबा. यू आर गोइंग टु बी माय सीनियर."

रविवार, ७ डिसेंबर

कागद दिले. जॅनेटबाईंनी मार्कशीट उलटसुलट पाहिली. बोट 'अर्थशास्त्र' या ओळीवर थांबलं.

"हो," मी म्हटलं.

"पास आहे ना, सर? मग खलास." त्यांनी शिक्का मारला आणि पहिल्या सत्राचे विषय छापून दिले. मार्केटिंगची मूलतत्त्वं, इंग्रजी लेखन, आणि सक्तीचा विषय म्हणून अर्थशास्त्र. पस्तीस वर्षं मी त्याला चुकवत होतो. तो दोह्याला येऊन थांबला होता.

प्रवेशाचं पत्र हनियाबाईंच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी "मबरूक!" म्हणून अभिनंदन केलं आणि लगेच एक बंद पडलेली लिफ्ट दिली.

घरी आलो तेव्हा विभावरी चहा गाळत होती. "काय म्हणतो काशिफ?"

खरं म्हणजे आता काशिफची गरज उरलेली नाही. पण सव्वीस वर्षांत मी तिला जे सरळ कधी बोललो नाही, ते त्याच्या तोंडून बरं बोलता येतं.

"काशिफ म्हणतो," मी म्हटलं, "त्याला वर्गात बसायची भीती वाटते. सगळी मुलं पुतणीच्या वयाची. आणि म्हणतो, की त्याच्या बायकोसारखी बायको…"

पुढे शब्द सापडेनात. चौऱ्याण्णव गुण होते ते संस्कृतात.

विभावरीने कप माझ्यापुढे सरकवला.

"काशिफला सांगा," ती म्हणाली, "कौतुक नंतर. आधी अर्थशास्त्र."